वाहेदभाऊ काही फेकत नसे

"पूरे घर का कबाड बना दिया! आज फेकती मैं ये रेडिओ!"

लई वर्षांआधीची गोष्ट. सोनाळ्यात बनाबाई गिरणीवर दळण टाकून भिंतीच्या सावलीत बसली होती. भिंतीपल्याड घड्याळं-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वाहेदचं घर. बोलत होती ती त्याची बायको नसीमा. दळण झालं तरी बनाबाईनं उठायचं नाव घेतलं नाही. एवढं रंगलेलं भांडण अर्ध्यात कोण सोडते?

वाहेदचा आवाज हळू आला. "बरसों बोला है वो किसी के घर में. कचरे में कैसे डालूं?"

"तो मेरे सर पे रखो!"

"तू नीचे बैठ, रखता हूं."

तिकडं नसीमा हसली, इकडं बनाबाई. बायको हसली म्हणजे रेडिओ राह्यला, हे न पाहताच समजलं.

मग रेडिओ मागं पडले, मोबाईल आले. वाहेदची दाढी पांढरी झाली, पण डोळ्यावरचं भिंग तेच.

आन बनाबाईच्या फोनले एक खोड लागली. तिची नात रेणुका सुरतेले सासरीच बाळंत झाली होती. पणतीचं तोंड बनाबाईनं अजून पाह्यलं नव्हतं. असल्या गुडघ्यानं सुरत कुठं गाठते माणूस? सांजेले रेणुका व्हिडिओ कॉल लावे. बनाबाई हिरवं बटन दाबे, पडदा उजळे, कोणाचं तरी बोट दिसल्यासारखं होई, आन सारं मिटून जाई. विहिरीतल्या चांदण्यावर बादली पडावी तसं. रेणुकाचा बाप संघर्ष तिचाच पोरगा, पण त्याचा फोन त्याच्यासंगं गाडीवर. तो घरी येई तवर सुरत झोपलेली.

"माय, जागाच नाही त्यात," संघर्ष म्हणाला. "हे रोजचे शुभ सकाळचे फोटो पुसून टाकू."

त्यानं फोटो निवडले. वर बुद्ध डोळे मिटून बसलेले, शेजारी निळ्या कोटात बाबासाहेब. खाली कोपऱ्यात कचरापेटीचं चित्र उगवलं. बनाबाईनं फोन हिसकला.

"बाबासाहेबाले कचरापेटीत टाकतं काय रे?"

"ते खरी पेटी नाही, माय!"

"मंग चित्र पेटीचंच काऊन काढलं त्याईनं?"

संघर्ष जेवायले बसला.

दुसऱ्या दिवशी बनाबाई वाहेदच्या दुकानापुढं. त्यानं फोन उघडून पाह्यला. "बनाबाई, फोन जुना, पोट बारकं. साऱ्या गावाची सकाळ याच्याच पोटात. श्वास घ्याले जागा नाही, म्हणून उघडलं का मिटते."

"एकही फोटो कचऱ्यात जाऊ द्याचा नाही. आन पणती बी दिसली पायजे."

"दोन्ही पायजे?"

"हाव."

वाहेद उठला, माठातल्या पाण्यानं हात धुऊन आला. "आमच्यात कुराणाची फाटकी पानं कोणी फेकत नाही. धुतल्या फडक्यात बांधतात, पाक-साफ जागी ठेवतात. तुमचे फोटो बी तसेच एका कार्डावर ठेवतो. पण या फोनातून मात्र जातीन. चालते?"

पुसले गेले तर? मग बनाबाईची नजर त्याच्या मागच्या फळीवर गेली. तिथं एक मुका रेडिओ अजून बसून होता.

"न्या," ती म्हणाली.

वाहेदनं वायर जोडली. पिवळी फुलं, उगवते सूर्य, पिंपळ, मिटलेले डोळे, निळा कोट, एकामागं एक निघाले. बनाबाईले वाटलं, बगळ्याची माळ चालली आहे, कपाशीवरून सातपुड्याच्या निळ्यात; घाई नाही, आवाज नाही. मग वाहेदनं नातवांनी भरलेले खेळ काढले, ॲपनं आतल्या आत साठवलेला गाळ साफ केला. त्या गाळाबद्दल बनाबाईची काही तक्रार नव्हती. ॲप नवं करून त्यानं फोन बंद केला, चालू केला.

सांजेले पडदा उजळला आन उजळलेलाच राह्यला. मूठ वळून झोपलेली पणती. तिनं जांभई दिली, तशी इकडं बनाबाईलेही आली.

"आजी, आवाज येऊन राह्यला का?" रेणुकानं विचारलं.

"चूप. पाहू दे."

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी. वाहेद उतरला नाही, एक पाय ओट्यावर टेकवला. पांढऱ्या फडक्यात नखाएवढं कार्ड. "ह्या घ्या तुमच्या साऱ्या सकाळी," म्हणाला. बनाबाईनं ते बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवलं.

सकाळी पाठवणारे काही थांबले नाहीत. फोन भरे, वाहेद रिकामा करे, सांजेले फडकं घेऊन येई.

यंदाच्या थंडीत एका पहाटे मशिदीच्या भोंग्यावर त्याचं नाव आलं, वाहेदभाऊ गेला. त्याच्या आदल्या सांजेलेही घंटी वाजली होती. एक पाय ओट्यावर, हातात पांढरं फडकं.

"पणती काय म्हणते?"

"चालाले लागली."

"मंग लई फोटो येतीन आता. भरला का घेऊन या."

तांब्याभर पाणी प्याला, तांब्या ओट्यावर उपडा ठेवला, आन सायकल बाजारगल्लीकडं वळवली.