अंधेरी पश्चिमला आधी पोचलेल्या वन्सं

मुंबईच्या कुठल्याही कोपऱ्यात सोडलं तरी जेवणाच्या वेळेला घरी हजर होतील अशा बाई मी एकच पाहिल्या, त्या म्हणजे माझी मोठी नणंद. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात स्टेशनवरची एकही पाटी वाचलेली नाही. अक्षरशत्रू नव्हेत हं! पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचतात. पण पाटी दिसली की पाठ फिरवतात. "पाटी उत्तर देता काय गो? माणूस देता," हे त्यांचं मालवणी तत्त्वज्ञान. घाटकोपरला रेल्वेतून मेट्रोकडे जाताना मी बाणांखाली मान वर करून उभी असते. एक बाण जिन्याकडे, दुसरा थेट भिंतीत! तोवर वन्संनी दोन अनोळखी माणसांना एकदमच गाठलेलं असतं. दोघांची जुंपली की जो जास्त चिडेल त्याची वाट खरी, असा त्यांचा अनुभव. अशीच वाट दाखवणारी एक कॉलेजची मुलगी पुढच्या संक्रांतीला मुलुंडला आमच्याकडे हळदीकुंकवाला आली, तेव्हा मी तोंडात बोट घालायचीच बाकी होते.

पण खरी थक्क झाले ती आमच्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी. मुलीच्या वडिलांनी कळवलं होतं, "अंधेरी पश्चिम मेट्रो स्टेशनला या, न्यायला येतो." वन्संसकट आम्ही मेट्रोने अंधेरीला उतरलो, पश्चिमेला बाहेर पडलो, उभे राहिलो. कुणी नाही. यांनी फोन लावला.

"आम्ही अंधेरी पश्चिमलाच आहोत."

"अहो, आम्हीही!"

"मग दिसत का नाही?"

"तुम्हीच दिसत नाही!"

आवाज चढले. यांनी फोन कापला. "पहिल्याच दिवशी ही बनवाबनवी? चला घरी!" मुलाचा चेहरा एवढासा झाला. स्थळ त्यानेच पसंत केलेलं. पोरगी मनात भरलेली. मी वळून बघते तर वन्सं गायब!

थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज वन्संचा. "अरे, मी हंय पोचलंय. अंधेरी पश्चिम नावाचा स्टेशनच वेगळा आसा, दुसऱ्या मेट्रोचा. रिक्षा करून येवा. पोरगी बरी आसा."

एक फुलवाली आणि एक रिक्षावाला यांच्या भांडणातून त्यांनी हे शोधून काढलं होतं, आणि त्याच रिक्षात बसून त्या पुढे गेल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या मुलीच्या आजीशी कुळथाच्या पिठीवर बोलत होत्या. तिकडेही म्हणे "खोटारडी माणसं" म्हणून न्यायला आलेले सगळे, मुलगी आणि आजीसुद्धा, घरी निघालेच होते. आमचे हे अजून घुश्शातच. वन्सं म्हणाल्या, "एका नावाची दोन माणसां असतत, मगे स्टेशनां नसतली? चल, पाया पड त्यांच्या आजीच्या." हे मुकाट वाकले. लग्न झालं. सून गुणाची निघाली.

गेल्या महिन्यात वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. घाटकोपरचा पूल आला. मी सवयीने थांबले. म्हटलं, आता कुणाला तरी धरतील. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. माझा दंड घट्ट धरला आणि हळूच म्हणाल्या, "तू नेशील थंय." तो हात किती हलका झालाय, हे मला तेव्हाच कळलं. मी पावलं लहान केली.