मुक्काम पोस्ट बाज

मास्कचा शोध कुण्या सुनेनंच लावला असणार, असं माझं अजूनही मत आहे. डॉक्टरांनी तो नंतर ढापला.

केजपासून थोडं आत आमचं गाव. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला घरचा कायदा वाचून दाखवला. कायद्यात कलमं दोनच. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सुनेचा आवाज ओसरीवर जाऊ द्यायचा नाही. ओसरीवर मामंजी बसत. मामंजी म्हणजे माझे सासरे. गावातली भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडं येत: बांधाची, वाटणीची, रुसून माहेरी गेलेल्या बायकांची. माझा नवरासुद्धा त्यांच्यापुढं खाली बघून बोलायचा, तिथं माझी काय कथा! मला काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना सांगायचं, मग त्या मामंजींना सांगणार. आणि आत्याबाईंचा आवाज असा, की त्यांनी नवऱ्याच्या कानात सांगितलेलं आधी शेजारच्या गल्लीत पोचायचं.

आता मी काही मुकी नाही. माहेरी माझ्या तोंडापायी आई कपाळावर हात मारून घ्यायची. मग मी कायद्यातून पळवाट काढली. आवाज जाता कामा नये ना? नाही जाणार. मी नुसते ओठ हलवायला लागले. आमच्या स्वयंपाकघराचं दार बरोबर ओसरीसमोर. त्या दारापाशी गॅसची शेगडी. पोळ्या लाटता लाटता मी जे काही बोलायचे ना, त्याचा आवाज निघाला असता तर मला त्याच दिवशी एसटीत बसवून दिलं असतं. आत्याबाईंना मी कलेक्टरबाई म्हणायचे. नवऱ्याचं केजला बी-बियाणं आणि खतांचं दुकान, तिथं तो दिवसभर बडबड करायचा आणि घरी वडिलांपुढं आला की गप्प, म्हणून त्याचं नाव सायलेंट मोड.

मामंजींचं नाव मात्र माझ्या खास आवडीचं होतं. त्यांचा सकाळचा चहा बाजेवर, पेपर बाजेवर, गावाचा न्याय बाजेवर आणि दुपारचं घोरणंही त्याच बाजेवर. म्हणून त्यांचं नाव मी ठेवलं होतं मुक्काम पोस्ट बाज. ‘मुक्काम पोस्ट बाजेला तिसरा चहा पाहिजे,’ असं मी रोज भिंतीला, पातेल्याला आणि कढईला सांगायचे. नवऱ्यालाही हे नाव माहीत नव्हतं. ते माझं एकटीचं धन होतं.

मग ती महामारी आली. गावाच्या वाटेवर पोरांनी बांबू आडवे टाकले. आत्याबाईंनी हळद, सुंठ, मिरे आणि आणखी देवाला माहीत काय काय घालून काढा उकळायला घेतला आणि मांजर सोडून घरातल्या सगळ्यांना तो पाजला. बीडला नर्सिंगच्या कॉलेजात शिकणारी माझी नणंद होस्टेल बंद झाल्यामुळं घरी आली. आल्या आल्या तिनं फर्मान काढलं. ‘भाऊ रोज दुकानात गर्दीत बसतो. ह्या घरात उठता-बसता मास्क लागंल. जेवतानी तेवढा काढायचा.’ माझ्या लग्नातल्या शालूच्या ब्लाउजपीसपासून आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यापर्यंत सगळं फाडून तिनं मशिनीवर मास्क शिवले. मला मोरपंखी आला, काठासकट.

सगळे कुरकुरत होते. आत्याबाई तर मास्क नाकाखाली ठेवायच्या, नाकाला वारं लागलं पाहिजे म्हणून. मी एकटी खूश होते. आता कुणी समोर आलं की ओठ मिटायची गरजच उरली नव्हती. आत्याबाई समोर उभ्या राहून भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगायच्या, मी मान खाली घालून ऐकायचे आणि मोरपंखी मास्कच्या आत त्यांना जीभ दाखवायचे. इतकं सुख मला लग्नानंतर कधी मिळालं नव्हतं.

घरात बिघडले ते मामंजी. एकदा मास्तर येऊन म्हणाले, ‘आमची दुभती म्हैस गेली हो काल.’ मामंजी म्हणाले, ‘लई झ्याक झालं! पेढे कुटं हायेत?’ मास्तर पुन्हा आमच्या दारात फिरकले नाहीत. दोन भाऊ विहिरीच्या पाळीचं भांडण घेऊन आले, तर मामंजींनी दोघांनाही ‘तुजं बराबर हाय’ म्हणून वाटेला लावलं. दोघं जिंकल्याच्या ऐटीत गेले आणि विहिरीवर जाऊन दुप्पट भांडले. म्हाताऱ्याच्या डोक्यात ताप चढलाय, असं गाव म्हणायला लागलं. आत्याबाईंनी काढ्यात मिरे वाढवले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. गावातले काही बहाद्दर तंबाखू खातात. पिचकारी मारायची म्हणून त्यांचा मास्क कायम हनुवटीवर. त्यांच्याशी मामंजींचं बोलणं पूर्वीसारखंच चाललं होतं, चोख, वकिलाला लाजवील असं. गडबड व्हायची ती तोंड नीट झाकणाऱ्यांशीच.

एके दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चहाचा कप बाजेशेजारी ठेवला आणि मास्कच्या आडून, चांगला मोठा आवाज काढून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले.

‘मामंजी, गोठ्याला आग लागली.’

मामंजी प्रसन्न हसले. ‘बरं, बरं. उद्यापसून जरा आलं टाकत जा.’

मी पळत आत आले आणि पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता एकदम उमगलं. ह्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. आजचं नाही, कित्येक वर्षांपासून. लोकांच्या ओठांकडं बघून ते सगळं ओळखत होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आत्याबाई इतक्या मोठ्यानं बोलायच्या की ते त्यांनाही कधी कळलं नसेल. आता अख्ख्या गावानं ओठ झाकले, आणि मामंजी एका दिवसात बहिरे झाले. मास्क काढा म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडं न्याय मागायला कोण येणार? त्यांच्याकडं माणसं येणं बंद झालं असतं तर ते त्या बाजेवरच खचून गेले असते. मी कुणालाच काही बोलले नाही. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला, कारण मुक्काम पोस्ट बाजेवर चिडायची मला सवय होती.

तेवढ्यात नणंदेला स्थळ आलं. त्या दिवसांत लग्नं फार स्वस्त झाली होती. मोजक्या माणसांत लग्न उरकायचं, मांडव नाही, पंगती नाही, रुसणारे पाहुणे नाहीत. पोरींचे बाप घाईला आले होते, आणि आत्याबाई तर सगळ्यांच्या पुढं. मामंजींनी एकच अट घातली. पोरगी कॉलेजात गेली तेव्हाच त्यांनी तिला शब्द दिला होता, की नर्सिंग पुरं झाल्याबिगर तुझं शिक्षण कुणी सोडवणार न्हाई. लग्न ठरवायचं तर ठरवा, पण कॉलेज सुटणार नाही. ते ऐकून नणंद तयार झाली. तिचा बापावर भरवसा होता.

पाहुणे आष्टीकडून जीप करून आले. मुलगा, त्याचे वडील आणि बोलणी करणारे त्याचे मामा. त्यांच्याकडं साथ जोरात होती, त्यामुळं तिघांनीही ते पांढरे चोचीचे मास्क डोळ्यांपर्यंत चढवलेले. मला बघताक्षणी घाम फुटला. आम्ही दोघी नणंद-भावजया दाराआड उभ्या. आत्याबाई परसातल्या चुलीवर पोहे परतत होत्या, आणि माझा नवरा ओसरीवर, वडिलांच्या बाजूला, सायलेंट मोडवर.

मामा बोलायला लागले. कापूस बरा आहे म्हणाले. मामंजी म्हणाले, ‘हो, हो.’ लग्न ह्याच महिन्यात उरकू म्हणाले. मामंजी म्हणाले, ‘लई चांगलं.’ मग मामांनी घसा साफ केला.

‘आन् एक सांगतो पावनं. पोरीचं ते कॉलेज आता बंद करा. ह्या रोगराईत दवाखान्याचं वारं आमच्या घरात नको. परीक्षा-बिरीक्षा काय बी नको. चालतंय ना?’

‘अगदी माझ्या मनातलं बोललात,’ मामंजी म्हणाले.

‘मंग फोडायची सुपारी?’

‘हो, हो!’

नणंदेनं माझा दंड घट्ट धरला. तिच्या मास्कवरचे डोळे भरून आले. ती एवढंच म्हणाली, ‘वैनी, अण्णांनी मला सबूद दिलता ना वं?’

मी नवऱ्याकडं बघितलं. तो चकित झाला होता, पण वडील हो म्हणाल्यावर त्याच्या तोंडून नाही निघणं शक्य नव्हतं. ओरडून सांगावं तर परक्या माणसांसमोर मामंजींची अब्रू जाणार. आणि गप्प राहावं तर इथंच पोरीचं शिक्षण संपणार. मामांनी खिशातून सुपारी काढली.

मी चहाचा ट्रे उचलला आणि थेट ओसरीवर गेले. पाहुण्यांना पाठ करून मामंजींच्या पुढ्यात उभी राहिले आणि मास्कची दोरी कानावरून ओढली. दोरी पदरात अडकली आणि मास्कबरोबर पदरही खांद्यावर आला. सासऱ्यासमोर उघडं डोकं! कायद्याचं एक कलम मोडलंच. दुसरं मात्र मी काटेकोर पाळलं. आवाज अजिबात काढला नाही.

नुसत्या ओठांनी म्हणाले, ‘कॉलेज बंद करा म्हणतायत. तुम्ही हो म्हणालात.’

कपाकडं गेलेला मामंजींचा हात वाटेतच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दाराआडच्या पोरीकडं बघितलं. मग एकदम हसले.

‘पावनं, आधी च्या घ्या. ती फडकी खाली करा. का च्या गाळून पिणार?’

तिघांचे मास्क हनुवटीवर आले. मामंजी पुढं सरकून बसले. ‘हां. आता परत एकदा सांगा, पोरीच्या कॉलेजचं काय म्हणत होता?’

मामांनी परत सगळं सांगितलं, ओठ चांगले हलवून. मामंजींनी शांतपणे ऐकलं, म्हणजे बघितलं.

‘न्हाई जमायचं. पोरगी नर्सिंग पुरं करणार.’

‘मंग मघापासून हो हो कावून करत होता?’

‘आमच्याकडं रीत हाय. पावन्याचं बोलणं संपस्तोवर हो म्हणायचं. आता तुमचं संपलं.’ मग त्यांचा आवाज चढला. ‘आन् आयका. आज अख्खी दुन्या दवाखान्याच्या दारात उबी हाय, आन् तुमाला त्याचं वारं नको! माझ्या पोरीनं ते वारं अंगावर घ्यायचं ठरवलंय. च्या घ्या आन् सावकाश जा.’

मामांनी सुपारी परत खिशात घातली. चहा मात्र पूर्ण प्यायले. जीपचा धुरळा बसायच्या आत आत्याबाई परसातून आल्या आणि केजपर्यंत ऐकू जाईल असं बोलल्या. पोह्यांपासून सुरुवात करून त्या माझ्या उघड्या डोक्यावर येऊन थांबल्या. नणंद मात्र बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि तिनंच घालून दिलेला अंतराचा नियम तिला आठवला नाही.

मी कप गोळा करत होते. मामंजींनी मला हातानं जवळ बोलावलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, ‘कवा कळलं?’

मीही तसंच उत्तर दिलं, ‘गोठ्याला आग लागली तेव्हा.’

ते गदागदा हसले. मग ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द मला दिसावा म्हणून. ‘तू मास्क लावलास तवापसून मला लई सुनं सुनं वाटतंय बग. इतकी वर्सं मला मुक्काम पोस्ट बाज म्हनतीस. पत्ता बराबर हाय. पर पिनकोड कदी टाकला न्हाईस.’

माझ्या हातातून एक कप पडून फुटला. त्याचा आवाज त्या ओसरीवर फक्त एकाला ऐकू आला नाही.

म्हणजे तो सगळा वेळ! स्वयंपाकघराचं ते दार, समोर बाज, आणि त्यांना दिसलं नाही असं मी काही बोललेच नव्हते. माझं एक अक्षरही त्यांनी चुकवलं नव्हतं, आणि कधी एका शब्दानं रागावले नव्हते. घरात माझं कुणी ऐकत नाही, असं मी माहेरी जाऊन रडायचे. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

नणंद आता बीडला नर्स आहे. तिनं पहिल्या पगारातून अण्णांना कानाचं मशीन आणलं, तेव्हा कुठं घराला खरं कळलं. गाव अजूनही त्यांच्याकडं भांडणं आणतं, उलट जरा मोठ्यानं आणतं. मशीन ते सणासुदीला लावतात, आणि आत्याबाई बोलायला लागल्या की हळूच काढून खिशात टाकतात. मी अजूनही पोळ्या लाटताना पुटपुटते. फक्त आता मुद्दाम तोंड ओसरीकडं करून.