घोडी नाचत नव्हती

आमच्या घोडीनं पुढचा डावा पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला, तेव्हा काकांनी टाळी वाजवली. "नवी स्टेप शिकली बघा!"

विश्रांतवाडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची ही एकच घोडी. वरातीत नवरदेवाला बसवायचं आणि ताशावर तिला नाचवायचं, हा काकांचा धंदा. रविवारची वरात ठरलेली होती. काकांनी मोबाइलवर ताशा लावला. तिनं पाय उचलला. पप्पाही हसले.

हिंजवडीच्या कंपनीच्या बससाठी मी लवकर उठते. शुक्रवारी सकाळी शेडमध्ये डोकावले, तर ती एकटीच तोच पाय उचलत होती. ताशा नव्हता. मी खुरांना हात लावून पाहिला. तीन थंड, हा एक तव्यासारखा. दोनच दिवसांपूर्वी नालबंद चाचांनी तिला नवी नाल मारली होती.

घरात सांगितलं. काका म्हणाले, "इंग्लिश मीडियमला घोड्याचा पण पेपर असतो काय गं?"

एरवी अशा वेळी मी कप विसळायला उठते. कुणाला फोन करायचा तर आधी वाक्यं कागदावर लिहून घेते. त्या दिवशी काहीच न लिहिता नालबंद चाचांना फोन लावला.

चाचा येरवड्याहून स्कूटरवर आले. चिमट्यानं एकेक खिळा दाबत गेले. तिसऱ्याला घोडीनं पाय हिसडला. तो खिळा उपटला, तर टोक ओलं आणि काळपट. चाचांनी तो उजेडात धरला.

"जिवंत भागात गेलाय. माझ्याच हातानं झालं, बेटा." त्यांनी ती नाल काढून टाकली.

"खिळा निघाला न्हवं?" काका म्हणाले. "मग ठोका परत. दुखण्याचं इंजेक्शन देऊन रविवारची वरात तेवढी काढू."

"नाही," मी म्हणाले.

"तुला कोण विचारतंय?"

"कुणीच नाही. तरी सांगते. नवरदेव गाडीतून गेला तरी लग्न लागतं."

पप्पा पत्र्याकडे बघत होते. चाचांनी हातोडी पिशवीत टाकली आणि तो खिळा माझ्या हातावर ठेवला. "मी मारणार नाही. दुसरा कुणी आला तर त्याला हे दाखव."

मी बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवायचा, खिळ्याच्या भोकात औषध भरायचं, वर लहान मुलांचा डायपर आणि चिकटपट्टी. मेडिकलवाल्यानं विचारलं, "बाळाचं वजन किती?"

"साडेतीनशे किलो," मी म्हणाले. मागे रांग होती. सगळी हसली. मी मान खाली घातली नाही.

दोन दिवस रजा टाकली. बादली धरून बसले की ती माझ्या ओढणीचं टोक चघळायची. काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

रविवारी तीच वरात आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली, नवरदेव उघड्या गाडीत. ताशानं पत्रा थरथरत होता. काका शेडच्या दारात येऊन उभे राहिले. डायपर बांधलेला पाय तिनं जमिनीवर टेकवला होता, बाकीच्या तिन्ही पायांसारखाच.

"एवढं वाजतंय," काका म्हणाले, "आन् ही बघ कशी ढिम्म उभी हाय."

"हो," मी म्हणाले. "आता दुखत नाहीये तिला."