तेहतीस अनारसे आणि माझा बत्तीस वर्षांचा अनुभव

मी आयुष्यात एकदाच अनारसे केले. तेहतीस करायला घेतले होते, त्यातला एकही झाला नाही. बाकी सगळा कार्यक्रम वेळेवर पार पडला.

तेहतीस हा आकडा माझा नाही, अधिक महिन्याचा आहे. दर तीनेक वर्षांनी हा जादाचा महिना येतो आणि मुलीचं लग्न झालेल्या घरात सगळ्यांना एकदम आठवतं, की जावई हा विष्णूचं रूप असून त्याला तेहतीस अनारसे ताटात मांडून, वर दिवा ठेवून वाण द्यायचं असतं. (सासरा कोणाचं रूप असतो, याबद्दल कोणत्याच पोथीत काही दिलेलं नाही. मी शोधलं.) आमच्या रेणूच्या लग्नानंतरचा तो पहिलाच अधिक महिना होता आणि तो भर उन्हाळ्यात आला होता. जावई किरनापूरचे, शेतकरी घरातले, स्वभावानं गरीब. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी ते, रेणू आणि विहीणबाई असे तिघं मध्य प्रदेशात बालाघाटला आमच्याकडे जेवायला यायचे होते.

आणि त्याच्या पंधरा दिवस आधी आमची ही, म्हणजे शालिनी, अंगणात पाय घसरून पडली. उजवा हात बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. हाताचं दुखणं तिनं दोन दिवसांत सहन करून टाकलं, पण अनारशांचं दुखणं काही केल्या थांबेना. लग्नात रुखवतावरच्या वस्तू मोजत होती तेव्हापासून ती या वाणाची वाट बघत होती. मी म्हटलं, चौकातल्या मिठाईवाल्याकडून आणू. त्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी वाक्य अर्ध्यावर सोडून पंखा पुसायला घेतला.

“दुकानचं वाण माह्या पोरीच्या सासरी जानार नाही,” ती म्हणाली. “लोक काय म्हनतील, रेनूच्या आईले एवढंही जमलं नाही?”

या प्रकरणाला एक जुनी पार्श्वभूमी आहे आणि दुर्दैवानं तीत मी आहे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात माझ्या सासूबाईंनी मला असेच तेहतीस अनारसे दिले होते. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. एका खात्यात. (नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे.) काम असं, की गिरण्यांमधून आणि गोदामांमधून जायचं, पोत्यात परखी म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी खुपसायची, निघालेले चार दाणे दाढेखाली धरायचे आणि तांदूळ कोणत्या दर्जाचा आहे ते कागदावर लिहायचं. नवी नोकरी, नवी मिशी. मी सासूबाईंचा अनारसा दाढेखाली धरला आणि भरल्या पंगतीत सांगितलं, “जाळी कमी आहे. दुसऱ्या दर्जात बसेल.”

सासूबाई हसल्या. सासरेही हसले. शालिनी तेवढी हसली नाही, आणि त्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली तरी हसलेली नव्हती.

म्हणूनच असेल, मी जेव्हा जाहीर केलं की अनारसे मी करतो, तेव्हा तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, “करा. सांगतो तसंच कराल त होते.”

तिनं सांगितलं आणि मी नोटशीटवर लिहून घेतलं, मुद्दे पाडून, समास सोडून. डब्यातला जाडा जुना तांदूळ घ्यायचा. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. मग सावलीत कापडावर पसरून जरा ओलसर असतानाच दळायचा, चाळायचा, त्यात किसलेला गूळ मिसळून घट्ट गोळे करायचे आणि डब्यात घालून चार दिवस विसरायचं. शेवटी खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखस वर, आणि उलटायचा नाही. खाली मी सही केली आणि तारीख घातली.

पहिल्याच मुद्द्यावर माझं मन अडलं. जाडा तांदूळ? ज्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाचा वास नागपूरपर्यंत जातो, त्या जिल्ह्यातला माणूस, तोही तांदळात हयात घालवलेला, जावयाला जाड्या तांदळाचे अनारसे देणार? शालिनीला काय कळतं, तिनं फक्त चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय. मी स्कूटर काढली आणि बाजारात जातो असं सांगून थेट लालबर्रा गाठलं.

तिथल्या एका गिरणीत मी साहेब असताना शेठ खुर्चीतून उठत, फाटकातून बाहेर येत आणि चहात दोन वेलदोडे जास्त पडत. या खेपेला शेठ उठले नाहीत. मी माझं नाव सांगितलं, मग हुद्दा सांगितला, मग कोणत्या साली बदली झाली तेही सांगितलं. तेव्हा कुठे ते “अच्छा अच्छा, बैठिए” म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. मुनीमजींनी मात्र पाच किलो चिन्नोर काढून पुढ्यात ठेवला. मी चार दाणे उचलले, दाढेखाली धरले, डोळे मिटले. सगळी गिरणी बघते आहे असं मला वाटलं. (फक्त मुनीमजी बघत होते.)

“जुना आहे,” मी निकाल दिला. “वर्षाच्या वरचा.”

“साहब, यह तो इसी दिवाली के बाद का...” मुनीमजींनी सुरुवात केली.

मी हात वर करून त्यांना थांबवलं. मला तांदूळ शिकवू नका, असं मी त्यांना हिंदीत, अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं, आणि ते सभ्यपणे गप्प बसले.

तांदूळ मी शनिवारी भिजवला. शालिनीनं बसल्या जागेवरून विचारलं, डब्यातलाच घेतला न? मी हो म्हणालो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “हा घमघम वास कायचा येऊन राह्यला?” मी उदबत्ती म्हणालो आणि मग खरंच एक उदबत्ती लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बत्तीस वर्षांत मी रविवारी कोणताही कागद हलवला नाही, तर पाणी कुठून बदलणार? मला ते सुचलंच नाही, इतकी सवय. सोमवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे कार्यालयीन वेळेत, झाकण उघडलं तेव्हा उन्हाळ्यानं आपलं काम केलं होतं. चिन्नोरचा वास गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा आला होता. शालिनी म्हणाली, अवो, पलंगाखाली उंदीर मेला का पाहा. मी दिवसभर उंदीर शोधत फिरलो, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. पुढं वाळवणं, दळणं, चाळणं, गूळ मिसळणं सगळं झालं. गोळे जरा चिकट वाटत होते. पण नोटशीटमध्ये चिकटपणाचा मुद्दाच नव्हता, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

अखेर तो रविवार उजाडला. पाहुणे अकराला येणार, मी आठलाच कढईत किलोभर तूप तापवलं. शालिनी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात स्टूलवर बसली. मी पहिला अनारसा नीट थापला, खसखस वर करून तुपात सोडला.

अनारसा तुपात पडून फुटला, पसरला, विरघळला, की आमच्याकडे म्हणतात अनारसा हसला. हा हसत आला. आधी कडेनं, मग मधून, आणि मी झारा उचलेपर्यंत कढईत नुसती खसखस तरंगत होती. दुसरा हसला. तिसऱ्याला मी जाड थापलं, तो जरा उशिरा हसला. चौथा लहान केला, पाचवा मंद आचेवर, सहावा मोठ्या आचेवर, आणि सातव्याला मी मनातल्या मनात विनंती केली. कढईत आता तूप कमी आणि चुरा जास्त दिसत होता.

“तांदूळ कोनता?” शालिनीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

मी सगळं सांगितलं. लालबर्रा, शेठ, मुनीमजी, दाढ, उदबत्ती, उंदीर. रविवारचं पाणीसुद्धा.

मला वाटलं होतं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि प्लास्टरमुळे तिला ते पुसताही येईना. ती डाव्या हातानं पदर शोधत म्हणाली, “माह्या आईचे तेहतीस तुम्ही दाढेखाली धरले होते. मले वाटलं, आज ह्या मानसाच्या हातचे तेहतीस होतील अन् मी माह्या पोरीच्या सासूपुढं मान वर करून ठेवीन.” तीस वर्षांपूर्वीच्या त्या एका वाक्याची लाज मला पहिल्यांदा त्या सकाळी वाटली, हातात झारा असताना.

तेवढ्यात फाटक वाजलं. अकराचे पाहुणे साडेनऊला आले होते. उन्हाच्या आधी निघालो, असं जावई म्हणाले. विहीणबाई बैठकीत थांबल्याच नाहीत. शालिनीचा हात बघायला म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि कढईपाशी उभ्या राहिल्या. मागून रेणूनं डोकावून विचारलं, “बाबा, ये क्या बनाया?”

“प्रक्रिया चालू आहे,” मी म्हणालो.

विहीणबाईंनी परातीतला एक गोळा उचलला आणि दोन बोटांत चोळला. तोंडात घातला नाही, नुसता नाकाजवळ नेला. “चिन्नोर हाय,” त्या म्हणाल्या. “अन् नवा. अनारश्याले कोनी चिन्नोर घेते काय? हा त हसनारच.”

जे मला चार दाणे, एक दाढ आणि बत्तीस वर्षं लावून कळलं नाही, ते त्यांनी चिमटीत ओळखलं. मी खसखशीचा डबा उगाच उघडून बंद केला. शालिनी मान खाली घालून सांगू लागली, की विहीणबाई, हात मोडला नसता त मी... पण विहीणबाईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला, कढईतला चुरा गाळून बाजूला काढला, जास्तीचं तूप पातेल्यात ओतलं, राहिलेल्या तुपात उरलेले सगळे गोळे फोडून टाकले आणि परतायला घेतलं. मला फक्त आधणाचं पाणी आणि वेलदोडे द्यायचं काम मिळालं. अर्ध्या तासात कढईत मऊ, तांबूस, तूप सोडणारा शिरा तयार झाला. वरून त्यांनी तो खमंग चुरा पेरला. आंबूस वास कुठल्या कुठे गेला आणि चिन्नोरचा वास परत आला.

“पन वाण?” शालिनी म्हणाली. “तेहतीस कसे मोजू?”

“चमच्यानं मोज,” विहीणबाई म्हणाल्या. “तुह्या हातानं वाढ. उजवा नाही त डावा, देव काय रजिस्टर घेऊन बसला हाय?” (शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला समजलं नाही, असं मी दाखवलं.)

मग जावयांना पाटावर बसवलं, दिवा लावला, आणि शालिनीनं डाव्या हातानं वाढायला सुरुवात केली. एकही चमचा सांडला नाही. नवव्या चमच्यापर्यंत जावयांचा चेहरा प्रसन्न होता. सोळाव्याला त्यांनी पाणी मागितलं. बाविसाव्याला ते म्हणाले, “मामीजी, बाकीचे घरी नेले त नाही चालनार का?” त्यांच्या आईनं नुसतं पाहिलं, आणि त्यांनी ताट पुढं केलं. सत्ताविसाव्यानंतर त्यांनी पट्टा सैल केला. तेहतिसावा पडला तेव्हा शालिनीची मान वर होती. विष्णूचं रूप मात्र भिंतीला टेकलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

निघताना विहीणबाई शालिनीला म्हणाल्या, असं वाण आमच्या गावात कोणी दिलं नसेल, मी साऱ्यांना सांगीन. शालिनीचा चेहरा उजळला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “इवाईबुवा, तुमची नोकरी कायची होती म्हने?”

मी हळूच सांगितलं, की तांदळाची प्रत ठरवायची. पास करायचा का परत पाठवायचा, ते बघायचं.

“हौ का,” त्या म्हणाल्या. “म्हनूनच आमच्या गावात कंट्रोलच्या दुकानात राशनचा तांदूळ असा येये. आमाले वाटे, सरकारची चूक हाय.”

शालिनी हसली. तीस वर्षांचं राहिलेलं एकदम हसली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, आणि रेणू तिला सावरता सावरता स्वतःच खाली बसली.

दिवाळीत हात बरा झाल्यावर शालिनीनं डब्यातल्या जाड्या जुन्या तांदळाचे अनारसे केले आणि पहिला बशीत घालून माझ्यासमोर ठेवला. सगळे बघत होते. मी तो चाखला नाही, दाढेखाली धरला नाही, नीट पाहिलासुद्धा नाही. “पहिला दर्जा, पास,” असं लगेच म्हणालो. नोकरीतली खरी पद्धत तीच होती.