कैसे मॅडम

बरोबर उत्तर ऐकलं की चारचौघांचा चेहरा खुलतो. कैसे मॅडमचा तसाच राहायचा. मुलाने धडाधड उत्तर सांगितलं तरी त्या एकच विचारत, ‘कैसे किया?’ उत्तर चुकलं तरी तेच. आवाजही तोच. म्हणून मुलांनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. आमच्या घरात मराठी चालायचं, तरी माझी नात इरा त्यांना कैसे मॅडमच म्हणायची. समोर आणि माझ्याशी बोलताना मात्र ‘बाई’.

त्या नाशिककडच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून फरीदाबादला आलेल्या. आमच्या समोरच्या इमारतीत राहायच्या आणि इराच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायच्या. मला त्या आवडत नव्हत्या. आता आवडतात असंही नाही. पण लिहायला बसले आहे, तेव्हा खरं तेच लिहीन.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की बाई महिनाभर पुस्तक उघडत नसत. सहावीत आलेल्या एकेका मुलाला व्हरांड्यात स्टुलावर बसवायचं आणि पाच मिनिटं तोंडी हिशेब विचारायचे. बेरीज, वजाबाकी, पाढे, भागाकार. जवळ एक वही असे, पण तिच्यात मार्क नसत. ‘बोटं मोजतो’, ‘हातचा विसरते’, ‘घाई’ असलं काहीबाही लिहिलेलं असे. पाचवीपर्यंत मूल काय शिकून आलं आणि काय नुसतं पाठ करून आलं, ते आधी बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ‘पाया न बघता मजला चढवायचा नाही,’ त्या म्हणायच्या.

इराला मी तीसपर्यंत पाढे शिकवले होते. पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा. सोसायटीत एकाही मुलाला येत नव्हते. ती स्टुलावर बसून आली आणि मी विचारलं, ‘काय म्हणाल्या तुझ्या बाई?’

‘तेवीस सत्ते विचारलं. मी लगेच एकशे एकसष्ट म्हटलं. मग म्हणाल्या, आता त्याच्यावरून चोवीस सत्ते सांग.’

‘मग?’

‘मी चोवीस एकेपासून सुरू केलं.’

‘बरोबर केलंस.’

‘नाही ना आजी यार! सातच मिळवायचे होते. तेवीस वेळा सात आहेत, अजून एकदा सात. बस!’

माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर त्या बाईने वहीत ‘पाठ आहे, समज नाही’ असं लिहिलं. इराने ते वाचलं आणि हसत हसत मला सांगितलं.

तेव्हापासून घरात ‘बाई म्हणाल्या’ सुरू झालं. बाई म्हणाल्या, आधी अंदाज सांगायचा, मग हिशेब करायचा. बाई म्हणाल्या, चूक खोडायची नाही, बाजूला ठेवायची. सूनबाईही त्यांचंच कौतुक करायची. जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतच्या लढाईचं स्मारक बघायला काला अंबला निघाली, तेव्हा मी पिशवी ठेवून इरासाठी शेजारची जागा धरली होती. ती बाईंजवळ जाऊन बसली. बाई मैलाचे दगड दाखवून पोरांना विचारत होत्या, किती वेळात पोहोचू? पोरं ओरडत होती. पानिपतपर्यंत माझ्या शेजारी पिशवीच बसली होती.

मी चौथी शिकले. गावात शाळा तेवढीच होती. पुढची नदीपलीकडे, तिथे भावांना पाठवलं. गणितात मी पहिली होते. वर्गात अकराच पोरं होती, तेव्हा फार मोठेपणा सांगत नाही. पण बाई समोरून साडीवर ओळखपत्र लटकवून शाळेत निघाल्या की मी गॅलरीतून आत यायचे. ती जागा माझी होती, असं मला वाटायचं. दुसरं काही नाही.

मग अपूर्णांक आले. इरा एका रविवारी अडली होती, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी म्हटलं, ‘यात काय? वरचे वरच्यांत मिळव, खालचे खालच्यांत.’ दोन पंचमांश. ती जरा थांबली. ‘नक्की ना आजी?’ मी म्हटलं, ‘पावकी-निमकी कुणी शिकवली तुला?’ तिने चाचणीत तसंच लिहिलं. बाई फुली मारत नसत. त्या गणितापुढे त्यांनी ‘बघू’ असं लिहिलं होतं.

मी चप्पल घातली आणि समोरच्या इमारतीत गेले.

‘मुलीचं बरोबर उत्तर का अडवलंत?’

‘या काकू, बसा. चहा टाकते.’

‘चहाला आले नाही.’

बाई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आल्या. ‘शिऱ्यात अर्धी वाटी साखर घातलीत. मग याच वाटीचे तीन भाग करून त्यातला एक भाग आणखी घातलात. एकूण किती झाली?’

‘पाऊण वाटी आणि थोडी वर.’

‘अर्ध्याहून जास्त?’

‘अहो, आणखी घातली म्हटल्यावर जास्तच होणार!’

‘आणि दोन पंचमांश वाटी म्हणजे?’

वाटीचे पाच भाग, त्यातले दोन. अर्ध्याला अडीच लागतात. साखर घातली होती आणि वाटीतली कमी झाली होती.

‘इराला मी विचारलं, कसं केलंस,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणाली, माझं मीच. पण ती पोर दबकत दबकत लिहिते. हे उत्तर ठाम लिहिलं होतं. मी पुढे विचारलं नाही.’

ते उत्तर माझं, हे बाईंनी ओळखलं होतं, याचा मला राग आला. पोरीने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि बाईंनी ते झाकलं, याचा जास्त आला. भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

‘तिला सांगणार का?’ मी विचारलं.

‘मी कशाला? तुम्ही सांगा. तुमचं पाऊण आणि थोडी वर फार चांगलं आहे. कसं केलंत हो ते?’ आणि वही उघडून बसल्या. म्हणजे माझीही तोंडी झाली.

घरी येऊन मी इराला वाटी आणि साखर घेऊन बसवलं. आधी सांगितलं, ‘ती चूक माझी होती. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही.’ मग अर्धी वाटी, वर तिसरा भाग, आणि वाटीचे सहा भाग करून ते पाच कसे होतात ते दाखवलं. मलाही ते तेव्हाच दिसलं. पोरगी खूश झाली. म्हणाली, ‘आजी, तू तर अगदी बाईंसारखं शिकवतेस!’

मी साखर डब्यात ओतली आणि उठले.

गेल्या वर्षी यजमान निवृत्त झाले आणि बाई नाशिकला गेल्या. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा इरा हुंदके देऊन रडली. मी गावी महिना महिना जाऊन राहते, तेव्हा ती हात हलवते आणि मोबाइल बघते. बाईंनी निघताना माझ्या पाया पडून ‘काकू, हिचं आता तुम्ही बघा’ म्हटलं. जणू आजवर त्यांनी मला रजा दिली होती.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. आधी इराशी बोलतात, मग मला मागतात आणि गणित घालतात. मी उत्तर देण्याआधी अंदाज सांगते. ती सवय त्यांचीच लागली, नाकारून उपयोग नाही. परवा म्हणाल्या, ‘काकू, पंचवीस गुणिले छत्तीस?’

‘हजाराच्या आत. नऊशे.’

‘वा! कसं केलंत?’

मी म्हटलं, ‘कुकर लावायचाय,’ आणि फोन ठेवला.

मग इराला जवळ बसवून सांगितलं. पंचवीस म्हणजे शंभराचा पाव. छत्तिसाचा पाव नऊ. नऊ शंभर, नऊशे. आणि बजावलं, बाईंना सांगायचं नाही.

‘आजी यार, त्यांना येत असणार हे!’

‘येत असेल. पण तुला मी शिकवलं.’