नीलू जिथं कधीच आली नव्हती

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरात कपड्यांच्या घड्या घालत होते. धुळ्याहून त्यांचे शेजारी बोलत होते. "शैलाताई, मास्तर गेले... सकाळी चहा घेता घेता गेले." मी रिसीव्हर ठेवला आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. हात थांबवले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. अक्का अजून माझ्याशी त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

मुरलीधर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे, यजमान. धुळ्यात कापडबाजाराच्या एका गल्लीत, माडीवर, त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दिवसभर पोरापोरींच्या हाताखाली खडखडाट करणारी मशीनं, शाईच्या फितींचा वास, आणि त्यात हा माणूस कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मनगटाला अत्तराचं बोट लावून फिरणारा. पगारदार नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच, पण शनिवारची संध्याकाळ ते राजासारखी घालवत. अक्काला घेऊन, आणि नीलू झाल्यावर तिलाही घेऊन, नीट कपडे करून बाहेर पडायचं. त्यातही त्यांची एक पद्धत होती. हॉटेल कुठलं हे ते आधी ठरवत नसत, आधी शहराचा भाग ठरवत. मी हसायचे तेव्हा म्हणायचे, "शैला, वस्ती चांगली असली ना, की साधा चहासुद्धा चांगला लागतो. रस्त्यावर झाडं कशी आहेत, दिवे कसे आहेत, माणसं हळू बोलतात की ओरडून, हे बघायचं. मग खुर्ची शोधायची." त्यामुळे धुळ्याचा एकही बरा रस्ता त्या तिघांनी सोडला नव्हता.

नीलू अठराव्या वर्षी काविळीने गेली. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं तिचं. अक्काने त्या दिवसानंतर उंबरा ओलांडला नाही. ती रडलीही नाही. रडली असती तर आम्हाला धीर आला असता. खिडकी लावून बसायची, ताटातला घास तसाच राहायचा, आणि कुणी बोललं की बोलणाऱ्याच्या खांद्यापलीकडे बघत राहायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतकी वाळली. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, "यांना घराबाहेर काढा. असं चाललं तर मी काही करू शकणार नाही."

बाहेर काढायचं, पण कुठं? देवपुरात नीलूचं कॉलेज. आग्रा रोडवर ती बांगड्या घ्यायची ते दुकान. पांझरा नदीच्या काठावर ती सायकल शिकली होती. आपणच आपल्या पोरीला गल्लोगल्ली हिंडवलं आणि आता पाय ठेवायला जागा उरली नाही, असं भाऊजी मला फोनवर सांगत होते. मग म्हणाले, "जळगावात ती कधी फिरली नाही ना? तुझ्याकडे यायची, पण घरातच असायची. मी येऊन बघतो."

आणि खरंच ते एकटे एस.टी.ने आले. उन्हं उतरायच्या वेळेला मी त्यांच्याबरोबर निघाले. एखादा माणूस मुलीसाठी स्थळ बघतो तितक्या काळजीने ते जळगाव बघत होते. नवी पेठेत गेलो, तर सोन्याच्या दुकानांत लग्नाचा बस्ता करून आलेल्या आया आणि मुली. ते तिथूनच माघारी वळले. स्टेशनच्या बाजूला हॉटेलं बरी होती, पण माणसं एकमेकांना निरोप देत होती. "नको," एवढंच म्हणाले. मग मी त्यांना मेहरूण तलावावर नेलं. मला वाटलं, ही जागा नक्की पसंत पडेल. वारा होता, पाण्यावर ऊन होतं, गर्दी नव्हती. भाऊजी कडेला उभे राहिले, पाण्याकडे बघत. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पाणी नको, शैला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सुमनला मी पाण्याजवळ नाही आणणार." तोवर मला कळलंच नव्हतं की हा माणूस रात्र रात्र कशाची राखण करत होता.

शेवटी रिंग रोडचा भाग त्यांना पटला. नवे बंगले, कडुलिंबाची झाडं, आणि हिरवळीवर वेताच्या खुर्च्या मांडलेलं एक हॉटेल. त्यांनी मॅनेजरला विचारलं, शनिवारी वाढदिवस वगैरे असतात का, गाणी लावता का, कोपऱ्यातलं टेबल मिळेल का. मॅनेजर म्हणाला, "काही खास प्रसंग आहे का साहेब?" भाऊजी म्हणाले, "हो. माझी बायको येणार आहे."

अक्काला त्यांनी कसं आणलं ते मला माहीत नाही. पुढे तीच एकदा म्हणाली, "माझ्या पायाशी बसले गं... मग मी काय करू?" मोतिया रंगाची साडी त्यांनीच काढून दिली होती. शनिवारी आम्ही तिघं त्या कोपऱ्यात बसलो. सगळं त्यांच्या मनासारखं होतं. टेबलावर पांढरं कापड, मंद दिवे, शेजारी एक वयस्क जोडपं हळू आवाजात बोलत होतं. अक्काने सूपचे दोन चमचे घेतले. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान फिरवावी लागली.

मग अक्काने चमचा ठेवला, चारी बाजूंना एकदा नजर फिरवली.

"इथं नीलू कधी आली नव्हती ना?"

"नाही," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "कधीच नाही. मी सगळं बघून ठरवलंय."

"मग मला इथं कशाला आणलंत?"

आवाज चढलेला नव्हता, राग नव्हता. वेटर येऊन उभा राहिला, तसाच परत गेला. "जिथं ती आहे तिथं न्या मला," अक्का म्हणाली. "मला तिथं न्या हो..."

पुढच्या शनिवारी ते तिला देवपुरात, कॉलेजच्या फाटकासमोर घेऊन गेले. तिथं ती रस्त्यात बसून ओक्साबोक्शी रडली. लोक जमले. भाऊजी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. त्यानंतर शनिवार पुन्हा सुरू झाले. बांगड्यांचं दुकान, अक्काचा हात घट्ट धरून पांझरेचा काठ, नीलूचे सगळे रस्ते. अक्का रडायची, घरी येऊन चार घास खायची. ती जगली ती अशी. वर्षानुवर्षं ते तिला नेत राहिले, आणि मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलं नाही. कठीण काळजाचा माणूस, असं नातेवाईक म्हणत. कधी कधी मलाही तसंच वाटायचं.

तेराव्यानंतर क्लासच्या खालचे कापडाचे व्यापारी शांतिलालजी भेटायला आले. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "अक्का, मास्तर होते तोवर कोणाले सांगितलं नाही. रविवारी बाजार बंद, क्लास बंद, पण वर मशीन चालू राहायचं. जोरजोरात, थांबायचंच नाही. मला वाटलं, कोर्टाचं काम असेल. एकदा चहा घेऊन वर गेलो..." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "मशीनमध्ये कागद नव्हता, अक्का. मास्तर रडत होते. आवाज खाली येऊ नये म्हणून टाइप करत होते. मी चहा तसाच परत आणला."

दुसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाली, "चल." आम्ही माडी चढलो. सगळी मशीनं कापडाखाली झाकलेली, फक्त खिडकीजवळचं एक उघडं होतं. अक्का त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. तिला टायपिंग येत नव्हतं, कधी शिकलीच नव्हती. तिने एका बोटाने एक अक्षर दाबलं, मग दुसरं, मग दोन्ही तळहातांनी सगळीच बटणं एकदम. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकले. ती ते सोडवत बसली, एकेक करून, आणि मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.