एक हजार नऊला भाग

१९३४, मार्गशीर्षातला सोमवार. शाळेतून दिवेआगरच्या घरी येऊन अंगणातली वाळलेली सुपारी गोळा करत होते, पण लक्ष सकाळच्या गणितात होतं.

एक हजार नऊला कशाने भाग जातो, असं मी पाचवीच्या मुलींना विचारलं होतं. नारळाच्या वाडीवाल्यांची एक मुलगी म्हणाली, "कशानेच नाही, बाई. एकतीसपर्यंत पाहिलं."

"आणि पुढे कंटाळा आला?"

"पुढे गरज नाही. सदतीस-सदतीस नारळांच्या ओळी लावल्या, तर ओळी तिसाच्या आतच होणार, आणि भाग जायचा तर त्या ओळींच्या आकड्यानेही जायला हवा. तिसाच्या आतले आकडे तर पाहून झालेत."

उलट बोलते म्हणून मी तिला शाळा सुटेपर्यंत दाराशी उभं केलं. मुली हसल्या. मी हसू दिलं.

आता सुपारी टाकून पाटी घेतली. सदतीसने भागलं, एक्केचाळीसने भागलं, शंभराच्या पुढे गेले. भाग कुठेच गेला नाही आणि उत्तर दर वेळी तिसाच्या आतलं येत होतं. तिचं म्हणणं मला कळलं नव्हतं, आणि ते झाकायला मी तिला शिक्षा केली होती. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला "काल मी चुकले" म्हणून सांगितलं, खडू तिच्या हातात दिला आणि मुलींच्या ओळीत जमिनीवर बसून तिचं ऐकलं.